भागुबाईची धाप

भागुबाई गेली आणि घरातली कामं दावं तोडलेल्या जनावरांसारखी चहूकडं पांगली. म्हशीची धार, शेणघाण, घासाची कापणी, खोडव्याच्या उसातलं खुरपण, चुलीवरचं पाणी. ती होती तोवर ही कामं आहेत हेच कुणाला दिसत नव्हतं. आता जिकडं बघावं तिकडं अर्धवट पडलेलं काहीतरी दिसायचं आणि बघणाऱ्याला खजील करायचं.

जळोचीच्या कडेला त्यांचं घर. एका अंगाला प्लॉट पडून नवी घरं उठलेली, दुसऱ्या अंगाला पाटापर्यंत उसाचं रान. भागुबाईचा मुलगा सुमित एमआयडीसीत पाळीवर जायचा. त्याचा बाप ज्ञानू बायको गेल्यापासून ओट्यावर पाय लोंबते सोडून बसायचा. खुरपं हातात दिलं तर घ्यायचा, नाही दिलं तर मागायचा नाही. राहिली सून, मेघना. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. काही दिवस बारामतीला कॉलेजात जाऊन प्रॅक्टिकल, बाकीचे तास घरी मोबाईलवर. कॉलेजातल्या पोरींना वाटायचं हिची मजा आहे. मेघना गोठ्याच्या सावलीत पालथी पाटी टाकून तिच्यावर बसायची, इअरफोन कानात घालायची आणि बाईंचं लेक्चर ऐकता ऐकता घासाच्या पेंढ्या बांधायची.

त्यात म्हैस अडली होती. भागुबाईच्या हाताची सवय. मेघना कासेला बसली की चंद्री पाय झाडायची, पान्हा चोरायची. सरकी पुढं ठेवली, रेडकू सोडलं, सडाला तेल लावलं. तांब्याच्या बुडाशी चूळ भरण्याइतकं दूध यायचं. ज्ञानू ओट्यावरून बघायचा आणि म्हणायचा, "तिला वळख लागती, पोरी."

माघ सरत आला तसं कॉलेजानं मोबाईलवर नवा पेशंट दिला. आधीच्या अ‍ॅपमधली म्हातारी रेडिओवरच्या बाईसारखी बोलायची, 'मला श्वास घेण्यास त्रास होत आहे.' पोरी हसून लोळायच्या. दवाखान्यात भवानीनगरकडनं, इंदापूरकडनं आलेली म्हातारी माणसं असं कुठं बोलतात? शिकवणाऱ्या राजलक्ष्मी मॅडम म्हणाल्या होत्या, आता आपल्या माणसांच्या बोलीतला पेशंट येतोय. तुम्ही तोंडानं विचारायचं, तो उत्तर देईल. उपचार बरोबर केले तर बरा होईल, चुकलात तर बिघडत जाईल.

मेघनानं दुपारची धार काढायच्या आधी ते उघडलं. पडद्यावर एक खाट, बाजूला मॉनिटर, खाटेवर पिकल्या केसांची चितारलेली म्हातारी. खाली नाव, कुशाबाई. मेघनानं शिकवल्याप्रमाणं विचारलं, "आजी, काय त्रास होतोय तुम्हाला?"

आधी धाप आली. दोन्ही कानांत, मानेमागं कुणी वाकून श्वास घेतोय अशी. श्वास आत जाताना आखूड, बाहेर येताना लांब, आणि शेवटाला बारीक शिट्टी. मग आवाज आला, "बाई, जरा उसं वर कर गं. आडवं झालं की गुदमारतंय."

मेघनानं मागं वळून बघितलं. गोठ्यात चंद्री आणि तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

ती सासूची धाप होती. मेघनानं ती भिंतीपलीकडून ऐकत संसाराचे सगळे दिवस काढले होते. आवाजही सासूचाच, शेवटचा शब्द गिळून टाकणारा.

ती झटक्यात उठली आणि इअरफोनची पिन निसटली. आवाज मोकळा झाला. "बाई, आईकतीयास न्हवं?" गोठाभर घुमला. चंद्रीनं रवंथ थांबवला. कान टवकारून तिनं मोबाईलकडं मान वळवली, हुंकारली, आणि मेघनाच्या डोळ्यांदेखत कास भरून येऊन सडांतून दुधाचे थेंब मातीत टपटप गळायला लागले.

तेवढ्यात शेजारची शकुबाई विरजणाला ताक मागायला आली होती. ती गोठ्याच्या दारात पाय रोवून उभी राहिली. हातातली वाटी पडली. "भागे?" ती म्हणाली, आणि पुढचं काही न बोलता आल्या वाटेनं पळत सुटली.

मेघनाला तेव्हा आठवलं. पावसाळ्यात भागुबाई दवाखान्यात होती. राजलक्ष्मी मॅडम रोज तिच्या खाटेशी बसायच्या, पदराला बारकं माईक लावायच्या, नाना प्रश्न विचारायच्या. भागुबाईला वाटायचं, एवढी शिकलेली बाई आपलं ऐकतीया. "पोरींच्या शिक्षणाच्या कामी यील व्हय? मंग घ्या की," ती म्हणाली होती. "माझ्या धापंचा तेवढा तरी उपेग." पुढं थंडीत ती गेली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं जेवून गेली, आणि माईकचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

शकुबाईनं गलका केला होता. ज्ञानू ओट्यावरून उतरून गोठ्यात आला. बऱ्याच दिवसांनी कुणी न बोलावता तो कुठं गेला होता.

"काय म्हणतीया शकू?"

मेघनानं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं.

"लाव," ज्ञानू म्हणाला.

"मामा, नका. तरास हुईल."

"लाव म्हणतो न्हवं."

तिनं लावलं. ज्ञानू उकिडवा बसला आणि मोबाईलपाशी कान नेला. मेघनानं विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?" आवाज म्हणाला, "कुशाबाई." धापेच्या आड हसू दाबल्यासारखं वाटलं.

"खोटं बोलतीया," ज्ञानू म्हणाला. त्याचा चेहरा हलला. "तिच्या आईचं नाव ते. माझ्या सासूचं."

"मॅडमनी दुसरं नाव सांगा म्हणलं असंल."

ज्ञानूनं ऐकलंच नाही. "अजून इचार काय तरी."

त्या दिवशी चंद्रीनं तांब्या भरून दूध दिलं. धार काढताना मेघनानं मोबाईल दाव्याच्या खुंटाला टांगला होता. हे आपण का करतोय, असं तिला सारखं वाटत होतं, पण हात थांबत नव्हते. मागं सासू धापा टाकत होती आणि तांब्यात फेस चढत होता.

सुमितला मात्र हे सोसलं नाही. पाळीवरून आल्यावर त्यानं जेवणाचं ताट सरकवलं. "आईला डबीत कोंडून ठिवलीया व्हय? कुणाला इचारून?"

"तुमच्याम्होरंच इचारलं हुतं मॅडमनी. तुमी हो म्हणला."

"तवा आई जिती हुती."

मेघनानं सरकवलेलं ताट परत त्याच्यापुढं केलं.

"आता गावोगावच्या पोरी तिला सुया टोचून शिकणार. आणि चुकल्या तर? मरती ना ती?"

मेघना ताटात बघत राहिली. सकाळीच वर्गाच्या ग्रुपवर प्रतिक्षानं लिहिलं होतं, 'आज मी आजीला दोनदा मारलं,' आणि पुढं हसरी तोंडं टाकली होती. खाली बाकीच्या पोरींनीही. प्रतिक्षा वाईट नव्हती. तिला ठाऊक नव्हतं, एवढंच.

"मॅडमला सांग, काढून टाका म्हणावं," सुमित म्हणाला. "न्हायतर मी जाऊन सांगतो."

ज्ञानू भिंतीला टेकून बसला होता. दुसऱ्या दिवसापासून मेघनाचा मोबाईल चार्जिंगला लागला की तो त्याच्या आसपास घुटमळायचा. चित्र कुठं दाबायचं ते त्यानं बघून ठेवलं होतं. घरात झाडझूड चालली असताना आतून बोलणं ऐकू यायचं. एक आवाज जिवंत, एक नाही. कुठला कोणता ते ओळखेपर्यंत मेघना केरसुणी धरून थांबायची.

फाल्गुनात पाटाला पाणी सुटलं. ऊन असं तापलं होतं की उसाची पानं दुपारी सुरळी होऊन उभी राहायची. आपली पाळी चुकली तर पुढचं पाणी कधी, याचा भरवसा नव्हता. सुमितला सुट्टी मिळाली नाही. मेघनानं साडी खोचली, खोरं घेतलं आणि सकाळीच उसाला पाणी द्यायला, दारं धरायला गेली. एक सरी भरली की दार मोडायचं, पुढचं करायचं. चिखल पोटऱ्यांना ओढायचा. पाचटानं हात चिरले होते, त्यात पाणी जाऊन झोंबत होतं. परीक्षा तोंडावर होती, आणि ती दाराला माती लावताना मनातल्या मनात औषधांची नावं घोकत होती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा बांधावरून ज्ञानू येताना दिसला. धावत नव्हता, पण चालतही नव्हता. ओंजळीत काहीतरी धरलं होतं, सांडू नये असं.

"मेघना! आगं बघ हिला. बोलंना झालीया."

मोबाईल होता. सकाळपासून तो तिच्याशी बोलत बसला होता. जेवलीस का, तर म्हणाली भूक न्हाय. दुखतंय का, तर म्हणाली छातीत भरल्यासारखं हुतंय. तो आपला तिच्या आईच्या, रानाच्या गोष्टी सांगत राहिला. मग तिची वाक्यं तुटायला लागली. मग नुसता एक एक शब्द. उपचार कुणी करत नव्हतं, आणि अ‍ॅप आपल्या नेमानं तिला बिघडवत नेत होतं.

पडद्यावरची म्हातारी निळसर केली होती. धाप आता धाप राहिली नव्हती. भांडं खरवडल्यासारखा आवाज मधूनच यायचा आणि थांबायचा. हाच आवाज मेघनानं थंडीतल्या त्या पहाटे सासूला दवाखान्यात नेताना गाडीत ऐकला होता.

"मामा, हे खरं न्हाय. बंद करते मी."

"बंद नगं करू!" ज्ञानू ओरडला. पाटाकडची साळुंकी उडाली. "आगं ती जातीया. काय तरी कर. तू शिकलीस न्हवं?"

मेघनानं खोरं टाकलं. पडद्यावर बोट ठेवलं, पण बोटाला चिखल. पदराला पुसलं, तरी पडदा ओल्या बोटाला दाद देईना. खाट हलेना. मॉनिटर टिटवीसारखा कोकलायला लागला होता.

"तुमचं बोट द्या."

तिनं सासऱ्याचं हाडकुळं, कोरडं बोट हातात धरलं. आजवर तिनं त्याच्या हाताला कधी हात लावला नव्हता. त्याच बोटानं तिनं खाटेची डोक्याकडची बाजू उचलली. ऑक्सिजनची नळी नाकाला लावली, आणि भसकन वाढवावासा वाटला तरी थोडाच ठेवला. असल्या जुनाट धापेच्या माणसाला जास्त ऑक्सिजन घातक, हे मॅडमनी कितीदा सांगितलं होतं. मग वाफेचं औषध. मग डॉक्टरला निरोप. ज्ञानूचं बोट तिच्या हातात लाकडासारखं ताठ होतं.

काही वेळ काहीच झालं नाही. मागं पाणी बांध फोडून शेजारच्या रानात शिरत होतं. मेघनाला ते ऐकू येत होतं, पण तिनं मान वळवली नाही.

शिट्टी परत आली. मग धाप. मग लांबून आल्यासारखा आवाज, "बरं वाटतंय बाई आता. देवमाणूस हायेस."

ज्ञानू बांधावरच बसला. दोघंही त्या डबीतून येणारा श्वास ऐकत राहिले. त्याच्यामागं, पुष्कळ लांब, दवाखान्यातली औषधांची गाडी खडखडत गेली आणि कुणीतरी खोकलं.

"ते मागं कोण खोकतंय?"

"तुमीच, मामा. तवा खाटंपाशी बसायचा न्हवं तुमी."

ज्ञानूनं मोबाईल एकदम तिच्या हातात दिला, जसा काही तो तापला होता.

पडद्यावर हिरवी अक्षरं आली, पेशंटची प्रकृती स्थिर. खाट रिकामी झाली. आणि क्षणभरानं त्याच खाटेवर तीच म्हातारी, तीच धाप. "बाई, जरा उसं वर कर गं."

"परत लागली व्हय हिला?"

"परत पैल्यापासनं चालू झालं. शिकायला तसंच असतं."

"म्हंजे बरी हुतच न्हाय कदी. घरी जातच न्हाय." ज्ञानू उठला. खोरं उचलून फुटलेल्या बांधाकडं निघाला. पाठमोराच म्हणाला, "सुमित म्हणतोय ते खरं हाय. काढून टाकायला सांग."

राजलक्ष्मी मॅडमना मेघनानं फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी तुला आधी सांगायला हवं होतं. मला वाटलं, तू ओळखशील आणि तुला बरं वाटेल. काढते मी. परीक्षा झाली की लगेच. पण तात्यांना, तुझ्या सासऱ्यांना, स्वतः येऊन सांगू दे. त्यांच्या तोंडून ऐकायचंय मला."

परीक्षेच्या दिवशी ज्ञानूनं धुतलेला सदरा-पायजमा घातला. डोक्याला तेल लावलं. मेघनाच्या गाडीवर मागं बसून तो बारामतीला आला. कॉलेजात सगळीकडं फरशी चकाकत होती. पांढऱ्या कपड्यांतल्या पोरी भिंतीला पाठ लावून ओठ हलवत उभ्या होत्या. ज्ञानू बाकड्याच्या टोकाला बसला, चपला काढून.

"आत न्हाय सोडत ना?" त्यानं विचारलं.

"परीक्षा हाय, मामा. कुणालाच न्हाय."

"तवाबी न्हवतं सोडलं," तो म्हणाला. "मशीनी लावल्यात म्हणलं. बाहेरच थांबा म्हणलं. दार उघडलं ते चादर वढल्यावरच."

मेघनाचं नाव पुकारलं.

आतली खोली वॉर्डासारखी मांडली होती. खाटेवर माणसाएवढा पुतळा, रबराचा, डोळे उघडे. छाती वर-खाली होत होती, आणि आतून तीच भागुबाईची धाप येत होती. मनगटाला नाडीसुद्धा होती. काचेपलीकडं राजलक्ष्मी मॅडम लॅपटॉपपुढं बसल्या होत्या. अलीकडं बाहेरगावच्या परीक्षक बाई, हातात पेन. त्यांनी केस वाचून दाखवली. जुनाट धाप, शेवटची अवस्था. आता मशीन लावायचं नाही असं घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलंय. नर्सनं काय करायचं ते करून दाखवा.

बरं करायचंच नव्हतं. मेघनानं हा धडा वाचला होता, पण या आवाजाबरोबर कधी केला नव्हता.

तिनं पुतळ्याची कूस बदलली. ओला कापूस ओठांवरून फिरवला. रबरी ओठ हलले आणि तिनं आजवर न ऐकलेलं वाक्य बाहेर आलं.

"बाई, आमच्या म्हाताऱ्याला आत सोडा गं. बाहीर पावसात बसलंय."

मेघनाच्या हातातला कापूस तसाच राहिला. खिडकीबाहेर फाल्गुनाचं ऊन भाजत होतं. पावसाळ्यातल्या कुठल्याशा संध्याकाळी भागुबाई हे बोलली असणार, आणि मॅडमच्या माईकनं ते टिपून ठेवलं असणार.

"सोडा गं," आवाज पुन्हा म्हणाला.

"सोडते, आत्या," मेघना म्हणाली, आणि दाराकडं वळली.

"कुठं निघालात?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"नातेवाइकांना बोलवायला, मॅडम. पायरीच आहे ती."

"नुसतं तोंडी सांगा. मार्क मिळतील."

"नातेवाईक खरंच बाहेर बसल्यात."

परीक्षक बाईंनी काचेकडं पाहिलं. काचेपलीकडून राजलक्ष्मी मॅडमनी मान डोलावली.

ज्ञानू अनवाणी आत आला. रबरी तोंडाकडं, उघड्या डोळ्यांकडं त्यानं एकदा बघितलं. मेघनाला वाटलं, आता हा मागं सरेल. तो स्टूल ओढून बसला आणि त्यानं पुतळ्याचं मनगट धरलं.

"नाडी लागतीया," तो हळूच म्हणाला. मग वाकला. "आलो बघ, भागा."

छाती वर झाली, खाली झाली. "म्हस पिळली का?" आवाजानं विचारलं.

"पिळली. पोरीनं पिळली. देती आता दूध. तू नगं काळजी करू."

मग आवाज बोलला नाही. नुसता श्वास. एक श्वास, मग थोडं थांबणं, मग दुसरा. काचेपलीकडं मॅडमचं बोट लॅपटॉपवर होतं, आणि दोन श्वासांमधलं थांबणं त्या हळूहळू वाढवत होत्या, उताराला लागलेली गाडी ब्रेकवर धरून खाली आणावी तशा. मेघना ओठ ओले करत राहिली. तिचं काम तेवढंच होतं. ज्ञानूनं मनगट सोडलं नाही. एका थांबण्यानंतर पुढचा श्वास आला नाही, आणि त्याच्या बोटांखालचा ठोकाही गेला. तरी तो तसाच बसून राहिला, आणि कुणी त्याला ऊठ म्हटलं नाही. परीक्षक बाईंनी पेन केव्हाच टेबलावर ठेवलं होतं.

मेघनानं पुतळ्याचे हात सरळ केले. पापण्या मिटल्या. चादर ओढली, पण चेहरा उघडा ठेवला.

बाहेर आल्यावर राजलक्ष्मी मॅडम मागून आल्या. त्यांचे डोळे लाल होते. "तात्या, सांगा तुम्ही. आजच काढून टाकते."

ज्ञानूनं एक चप्पल पायात घातली. तेवढ्यात प्रतिक्षाचं नाव पुकारलं. ती पांढरीफटक पडली होती. जाता जाता मेघनाकडं बघून कशीबशी हसली आणि आत गेली. दार पुरतं लागलं नाही.

आत धाप सुरू झाली.

ज्ञानू एका पायात चप्पल घालून तसाच उभा राहिला. मेघनानं त्याचा दंड धरला. तिला वाटलं, आता हा कोसळणार, नाहीतर दार ढकलून आत शिरणार.

"बाई," भागुबाईचा आवाज आला, "हात लई गार हायेत गं तुझं."

"सॉरी आजी," प्रतिक्षा घाबऱ्या आवाजात म्हणाली. "थांबा हं. चोळून ऊन करते." तळहात एकमेकांवर घासल्याचा आवाज आला. बराच वेळ. "आता बघा, आजी. आता बरंय?"

धाप जरा खाली बसली.

ज्ञानू मान तिरकी करून ऐकत होता. शेजारच्या रानात खुरपायला गेलेल्या बायकोचा आवाज बांधाआडून यावा आणि माणसानं कामातून डोकं वर काढून क्षणभर ऐकावं, तसा. मग त्यानं दुसरी चप्पल पायात सरकवली.

"तात्या?" मॅडम म्हणाल्या.

"राहू द्या," ज्ञानू म्हणाला. "कामात हाय ती."

आणि जिन्याच्या कठड्याला धरून तो एक एक पायरी उतरायला लागला.